‘क्षुधित पाषाण’ वाचून वाचकांचे एकमत का होत नाही

रवींद्रनाथ ठाकुरांची ‘क्षुधित पाषाण’ ही कथा १८९५ साली ‘साधना’ या बंगाली मासिकात प्रसिद्ध झाली. ती वाचून झाल्यावर वाचकांत जो वाद होतो तो मात्र अजून जुना झालेला नाही. कोणी म्हणतो, ही अस्सल भुताची कथा आहे. कोणी म्हणतो, भूत यात कुठेच नाही, ओसाड वाड्यात एकट्या राहणाऱ्या तरुणाच्या मनाचे ते खेळ आहेत. तिसऱ्याच्या मते या सगळ्या आगगाडीची वाट पाहणाऱ्या एका बोलघेवड्या माणसाच्या थापा आहेत. चौथा शेवटावरच चिडलेला असतो, कारण कथा पुरी झालेली नाही असे त्याचे म्हणणे असते. यांपैकी कोणतेही मत खोडून काढता येत नाही आणि सिद्धही करता येत नाही. याचे कारण कथेच्या बांधणीत आहे, म्हणून आधी कथा थोडक्यात सांगणे भाग आहे.

पूजेच्या सुटीत प्रवासाला गेलेला निवेदक आपल्या एका नातेवाइकासह कलकत्त्याला परत निघाला आहे. हा नातेवाईक थिऑसॉफिस्ट, म्हणजे गूढ शक्तींवर श्रद्धा ठेवणारा. गाडीत त्यांना एक गृहस्थ भेटतो, जो राजकारणापासून विज्ञान, वेद आणि फारसी बैतांपर्यंत कशावरही सारख्याच अधिकाराने बोलतो. पुढच्या जंक्शनवर गाडी बदलायची असते, ती उशिरा येणार असते आणि रात्र काढण्यासाठी हा गृहस्थ स्वतःची हकिकत सांगू लागतो. निजामाच्या चाकरीत असताना कापसावरचा कर वसूल करण्यासाठी तो बरीच नावाच्या ठिकाणी गेला होता. तिथे शुस्ता नदीच्या काठी, दीडशे पायऱ्यांच्या घाटावर, सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी एका बादशहाने विलासासाठी बांधलेला संगमरवरी महाल होता. कचेरीतला म्हातारा कारकून करीम खाँ याने त्याला बजावले होते की दिवसा हवे तर राहा, पण रात्री तिथे थांबू नका. नोकरही संध्याकाळनंतर थांबायला तयार नव्हते. त्याने ते हसण्यावारी नेले आणि आठवड्याभरात त्या महालाने त्याला गिळायला सुरुवात केली. अदृश्य स्त्रियांचा वावर, अत्तराचा वास, मध्यरात्री वाट दाखवणारी एक दूती, आरशात स्वतःच्या शेजारी उमटणारी एका इराणी तरुणीची सावली, असे सगळे रात्री घडे. पहाट झाली की वेडा मेहेर अली महालाभोवती ओरडत फिरे: ‘तफात जाओ, तफात जाओ! सब झूठ है, सब झूठ है!’, म्हणजे दूर व्हा, सगळे खोटे आहे. शेवटी घाबरून तो करीम खाँकडे जातो. अतृप्त वासनांच्या शापाने तिथला दगड न् दगड भुकेला झाला आहे, तिथे तीन रात्री काढलेल्यांपैकी एकटा मेहेर अली जिवंत बाहेर आला, पण वेडा होऊन, असे करीम खाँ सांगतो. सुटकेचा एक उपाय आहे, पण त्यासाठी आधी एका इराणी दासीची हकिकत ऐकावी लागेल. एवढ्यात गाडी येते. पहिल्या वर्गाच्या डब्यातून एक इंग्रज डोके बाहेर काढून या गृहस्थाला ओळखीची हाक मारतो, तो त्या डब्यात चढतो, हे दोघे दुसऱ्या वर्गात चढतात आणि दासीची हकिकत राहून जाते.

त्यानंतर निवेदक म्हणतो की त्या माणसाने आपल्याला मूर्ख समजून फसवले, हकिकत अथपासून इतिपर्यंत बनावट होती. थिऑसॉफिस्ट नातेवाइकाला हे मुळीच मान्य नाही. या वादापायी दोघांचा जन्माचा दुरावा झाला, या वाक्यावर कथा संपते. म्हणजे त्या गृहस्थाच्या हकिकतीचे पहिले दोन श्रोते कथेतच बसलेले आहेत, एक विश्वास ठेवणारा आणि एक न ठेवणारा, आणि लेखकाने त्यांचे भांडण न मिटवता आपल्या हाती दिले आहे. आपण जे भांडतो ते त्यांचेच भांडण पुढे चालवतो.

बल्गेरियात जन्मलेले फ्रेंच समीक्षक त्स्वेतान तोदोरोव्ह यांनी १९७० साली या प्रकारच्या साहित्याची एक मांडणी केली. मांडणी म्हटल्यावर दबकायचे कारण नाही, कारण कल्पना साधी आहे. समजा, बंद वाड्यातल्या देवघरातली घंटा रोज रात्री वाजते. शेवटी खिडकीची फळी मोडली होती आणि वाऱ्याने घंटा हलत होती असे निघाले, तर जगाचे नियम होते तसे राहतात आणि वाचक सुटकेचा श्वास टाकतो. शेवटी मेलेली आजीच घंटा वाजवत होती असे ठरले, तर वाचक जगाचे नवे नियम मान्य करतो आणि तेही एका अर्थी सोपेच असते. या दोहोंच्या मध्ये एक चिंचोळी जागा असते, जिथे वाचकाला ठरवता येत नाही. तोदोरोव्ह यांच्या मते अद्भुतकथेचा खरा प्राण या न ठरवता येण्यात आहे. बहुतेक कथा त्या जागेत थोडा वेळ रेंगाळून शेवटी एका बाजूला उतरतात, आणि शेवटपर्यंत तिथेच उभ्या राहणाऱ्या कथा फार थोड्या असतात. ‘क्षुधित पाषाण’ त्या थोड्यांतली आहे.

रवींद्रनाथांनी हे कसे साधले, हे घाटावरच्या प्रसंगात जवळून पाहता येते. उन्हाळ्याची सुरुवात आहे, बाजार थंडावलेला आहे, कर वसूल करणाऱ्याच्या हाताला काम नाही. सूर्य मावळायच्या सुमारास तो खालच्या पायरीजवळ आरामखुर्ची टाकून बसला आहे. वारा पडलेला आहे आणि डोंगरातून रानतुळस, पुदिना आणि बडीशेपेचा जड वास उतरला आहे. पाठीमागे पायऱ्यांवर पाऊल वाजते, तो वळून पाहतो तर कोणी नाही. मग एक नाही, अनेक पावले वाजतात, जणू मुलींचा घोळका धावत नदीवर न्हायला उतरतो आहे आणि त्याच्या अंगावरून पुढे जातो आहे. नदीचे पाणी मात्र हलत नाही. या प्रसंगात डोळ्यांना काहीच दिसलेले नाही. आवाज आहे, वास आहे, अंगाला लागलेली झुळूक आहे, आणि या तिन्ही इंद्रियांची साक्ष डोळ्यांइतकी पक्की नसते हे आपण सगळे जाणतो. ज्याला भूत हवे आहे त्याला पावले मिळतात, ज्याला नको आहे त्याला स्थिर पाणी मिळते.

पुढचा रात्रीचा प्रसंग याहून चलाख आहे. दूतीच्या मागोमाग तो अंधाऱ्या दालनांतून एका गडद निळ्या पडद्यापाशी पोचतो. पडद्यासमोर एक हबशी खोजा नंगी तलवार मांडीवर घेऊन पाय पसरून डुलक्या घेतो आहे. पडद्याच्या फटीतून जरीच्या चपला घातलेली दोन पावले आणि केशरी पायजम्याचा काठ तेवढा दिसतो, आणि शेजारी स्फटिकाच्या तबकात सफरचंदे, नासपती, द्राक्षे. खोजाचे पाय ओलांडताना तो दचकून जागा होतो, तलवार फरशीवर खणकन पडते, किंकाळी फुटते, आणि आपला माणूस घामाघूम होऊन स्वतःच्या खाटेवर उठून बसलेला असतो. इथे डोळ्यांनी भरपूर पाहिले आहे, तपशील तर लघुचित्रातल्यासारखा नेमका आहे, पण नेमके इथेच स्वप्नाची पळवाट उघडी ठेवली आहे. जाग असते तिथे दृश्य नसते, आणि दृश्य असते तिथे जाग नसते.

मन हेच कारण मानणाऱ्यांच्या हाती अशी सामग्री पुष्कळ लागते. माणूस तरुण आहे, एकटा आहे, रिकामा आहे. घरात शिरण्यापूर्वीच त्याला महालाची कीर्ती सांगितलेली आहे. ‘हजार रात्रीं’मधली, म्हणजे अरबी सुरस कथांमधली, एखादी रात्र आपल्यासमोर उडून आल्याचे तो स्वतःच म्हणतो, म्हणजे त्याने जे पाहिले त्याला वाचलेल्या पुस्तकांचा वास आहे. हे वाचन मला प्रामाणिक वाटते, पण ते एका ठिकाणी अडते: मेहेर अली. तो त्याच महालात राहिला होता, तसाच ओढला गेला होता. दोन माणसांना एकच स्वप्न पडत नाही. यावर उलट उत्तरही आहे. मेहेर अलीने काय पाहिले हे तो कधीच सांगत नाही, ते सांगतो करीम खाँ, आणि करीम खाँचे शब्द सांगतो तो आगगाडीतला गृहस्थ. साक्षीदार वाढतात तसा पुरावा पातळ होत जातो. ‘झूठ काय रे?’ असे विचारल्यावर मेहेर अली उत्तर देत नाही, त्याला ढकलून आपली फेरी चालू ठेवतो. सगळे खोटे आहे असे ओरडणारा माणूस त्या खोट्याभोवतीच रोज फिरतो आहे, तेव्हा त्याची साक्ष कोणत्या बाजूने धरायची?

१८९५ सालच्या बंगाली वाचकाला हा पेच आजच्यापेक्षा अधिक ओळखीचा असणार. बंगालच्या घराघरांत सांगितली जाणारी भुते ठरावीक असत: झाडावरचा ब्रह्मदैत्य, शंखाच्या बांगड्या घातलेली शाकचुन्नी, माशांना सोकावलेले मेछोभूत. त्यांच्या खोडी ठाऊक, उपाय ठाऊक. या कथेत त्यांतले एकही नाही, कोणा मृताचे नावसुद्धा नाही, भुकेली आहे ती वास्तू. शिवाय शिकलेल्या वर्गात तेव्हा थिऑसॉफीचे वारे होते. थिऑसॉफिकल सोसायटीचे संस्थापक ब्लाव्हाट्स्कीबाई आणि कर्नल ऑल्कट १८७९ साली मुंबईत उतरले होते, पुढे त्यांचे ठाणे मद्रासजवळच्या अड्यारला गेले, आणि बाईंचे चमत्कार बनावट असल्याचा ठपका ठेवणारा अहवाल १८८५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे सुशिक्षित माणसे विज्ञानाची भाषा वापरून आत्म्यांवर वाद घालत होती तो हा काळ आहे. कथेतला नातेवाईक त्या वर्गाचे व्यंगचित्र आहे, हे उघड आहे. पण निवेदकही फारसा वरचढ नाही. गाडी येईपर्यंत तोही तोंडात बोट घालून ऐकत होता, आणि त्याची खात्री झाली ती त्या गृहस्थाला साहेबाच्या डब्यात चढताना पाहिल्यावर. त्याच्या अविश्वासात दुसऱ्या वर्गाच्या तिकिटाचा सल किती आणि तर्क किती, हे वाचकाने आपल्यापुरते ठरवावे.

कथेची मुळे कुठे आहेत हे कळले की कोडे सुटेल, असे मानणारेही वाचक असतात, आणि इथे मुळे खरोखर सापडतात. १८७८ साली सतरा वर्षांचे रवींद्रनाथ अहमदाबादला थोरले बंधू सत्येंद्रनाथ यांच्याकडे राहिले होते. सत्येंद्रनाथ हे इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधले पहिले भारतीय. मुंबई इलाख्यात त्यांची नोकरी झाली आणि त्या वेळी ते अहमदाबादला न्यायाधीश होते. त्यांचे निवासस्थान म्हणजे साबरमतीकाठचा शाहीबाग महाल, जो शाहजहानने गुजरातचा सुभेदार असताना बांधवला होता आणि जिथे आज सरदार पटेलांचे स्मारक आहे. भाऊ कचेरीत गेला की त्या प्रचंड घरात हा मुलगा एकटा, सोबतीला कबुतरांचे घुमणे आणि खाली उन्हाळ्यातली साबरमतीची बारीक धार. ‘क्षुधित पाषाण’ची चाहूल तिथे लागली, असे त्यांनी उतारवयातल्या आठवणींत स्वतः नोंदवले आहे. अहमदाबादहून ते मुंबईला डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या कुटुंबात काही काळ राहायला आले आणि तिथून विलायतेला गेले, हे मराठी वाचकांना सहसा ठाऊक असते. त्याच्या आधीचा हा मुक्काम मात्र फारसा कोणाच्या लक्षात नसतो. एवढे कळूनही वाद जिथल्या तिथेच राहतो. पोरवयात एका रिकाम्या महालाने लेखकाला झपाटले होते, यावरून कथेतला महाल खरोखर झपाटलेला होता की नाही हे निघत नाही. बरीच आणि शुस्ता नकाशावर शोधत बसणाऱ्यांच्या हातीही यापेक्षा जास्त काही लागणार नाही.

मला सर्वांत फलदायी वाटते ते कपड्यांकडे पाहून केलेले वाचन. दिवसा हा कर वसूल करणारा आखूड इंग्रजी कोट, तंग पाटलोण आणि सोला हॅट घालून टांग्यातून कामावर जातो. रात्री तोच लाल मखमलीची फेज टोपी, ढगळ पायजमा, फुलांचा काबा आणि रेशमी चोगा चढवून, रुमालाला अत्तर लावून, सिगारेट टाकून गुलाबपाण्याचा हुक्का ओढत बसतो. पुढे एके दिवशी वावटळ उठते आणि त्याचा कोट आणि टोपी गरगर फिरवत घेऊन जाते, आणि त्यामागून गोड हसण्याचा आवाज येतो. त्यानंतर तो साहेबी पोशाख पुन्हा अंगाला लावत नाही. वसाहतीच्या काळातल्या शिकलेल्या भारतीय माणसाची ही दुभंगलेली अवस्था आहे, असे काही वाचक म्हणतात: दिवस नोकरीचा आणि हिशेबाचा, रात्र गमावलेल्या, सजवून पाहिलेल्या भूतकाळाची. हे पटण्यासारखे आहे. पण याच धाग्याचे दुसरे टोक कथेच्या पहिल्याच परिच्छेदात बांधले आहे आणि पहिल्या वाचनात ते निसटते. गाडीत भेटलेल्या गृहस्थाचा पोशाख पाहून निवेदकाला तो प्रथम पश्चिमेकडचा मुसलमान वाटला होता. म्हणजे हकिकत घडून गेल्यावरही त्याच्या अंगावर तसलेच कपडे आहेत. महालाने त्याला अजून सोडलेले नाही असे याचा अर्थ लावता येतो. अंगावरच्या कपड्यांवरूनच त्याने बसल्याजागी कथा रचली, असेही म्हणता येते. एकच तपशील दोन्ही पक्षांचा मुख्य साक्षीदार व्हावा, ही कारागिरी मी तरी फार कमी कथांत पाहिली आहे.

आता शेवटाविषयीची तक्रार. आपल्याकडे भयकथा वाचून वाढलेल्या वाचकाला उपाय हवा असतो: कोणी जाणता माणूस यावा, अंगारा लावावा, वास्तू मोकळी करावी. इथे उपाय आहे असे सांगितले जाते आणि तो सांगायच्या आत गाडी येते. ही फसवणूक वाटणे साहजिक आहे, पण काय तोडले आहे ते पाहावे. उपाय दासीच्या हकिकतीत आहे. तीच स्त्री, निदान तशीच एक स्त्री, वादळी रात्री जमिनीखालून रडत ‘मला सोडवून ने’ म्हणत होती. तिच्या आणि आपल्या मध्ये आधी करीम खाँ आहे, मग तो गृहस्थ, मग निवेदक. तिघे पुरुष बोलतात, तिची गोष्ट सांगायची वेळ येते तेव्हा गाडी सुटायची घाई होते, आणि उरलेले दोघे तिला विसरून ती हकिकत खरी की खोटी यावर जन्मभर भांडतात. स्त्रीच्या बाजूने कथा वाचणारे या तुटलेपणातच कथेचा अर्थ पाहतात. लेखकाच्या मनात नेमके हेच होते का, ते सांगता येणार नाही. कथेच्या शब्दांत मात्र ते बसते, आणि वाचनाला तेवढा आधार पुरतो.

पडद्यावर आल्यावर या कथेचे जे झाले त्यावरूनही हे कळते. तपन सिन्हांनी १९६० साली सौमित्र चटर्जींना घेऊन तिच्यावर बंगाली चित्रपट केला. तिच्यावरूनच सुचलेला गुलजारांचा ‘लेकिन’ १९९१ साली आला, ज्याची निर्मिती लता मंगेशकरांची आणि संगीत हृदयनाथांचे. मराठी घरांत ही कथा बहुधा त्या गाण्यांच्या वाटेने पोचलेली असते. कॅमेऱ्यासमोर स्त्री उभी करावी लागते. ती उभी राहिली की पडद्याच्या फटीतली दोन पावले पुरत नाहीत, तिला चेहरा लागतो, पूर्वकथा लागते, आणि ‘लेकिन’मध्ये तर मुक्तीही मिळते. कथेने जे अर्धे ठेवले ते चित्रपटाने पुरे केले. ज्यांना शेवटाची तक्रार होती त्यांचे त्याने समाधान झाले असेल, पण भूत आहे की नाही हा प्रश्न तिथे उरत नाही, नायिका समोर दिसतेच आहे.

रवींद्रनाथांनी हाच खेळ १८९८ सालच्या ‘मणिहारा’ कथेत आणखी पुढे नेला. दागिन्यांची हाव असलेली मणिमालिका आणि तिचा नवरा फणिभूषण यांची भयंकर गोष्ट पडक्या घाटावर एक शाळामास्तर एका अनोळखी माणसाला सांगतो. शेवटी श्रोता शांतपणे म्हणतो की आपला यावर विश्वास नाही, आणि त्याचे एक कारण असे की फणिभूषण साहा हे आपलेच नाव आहे. मास्तर न डगमगता विचारतो, मग तुमच्या पत्नीचे नाव काय होते? उत्तर येते: नृत्यकाली. सत्यजित राय यांनी १९६१ साली ‘तीन कन्या’ मध्ये ही कथा घेतली तेव्हा त्यांचा श्रोता आपली ओळख देऊन अदृश्य होतो, म्हणजे तिथे भूत पक्के झाले. मूळ कथेत मात्र नवऱ्याचे नाव जुळते, बायकोचे जुळत नाही, आणि ज्याची गोष्ट तोच माणूस समोर बसलेला असूनही वाचकाला तिचा निकाल लावता येत नाही.